चौथ्या वळणावरचा थांबा

कुणीतरी करूळ घाटातला चौथ्या वळणावरचा थांबा प्रवासाच्या यादीतून परस्पर खोडला, थांब्याला साधं कळवायचं सौजन्यही दाखवलं नाही, आणि म्हणून शनिवारी सकाळी सव्वासहाला तो थांबा कोल्हापुरात इंगवल्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

सगळाच्या सगळा आला होता. पत्र्याची चहाची टपरी, दोन बाकडी, एक जांभळीचं झाड, दरीच्या बाजूचा काळापांढरा कठडा आणि कठड्यावरची तीन माकडं. गल्लीची रुंदी बेताचीच, त्यामुळे कठडा समोरच्या फाटकाला टेकला होता. समोरच्या काकू दुधाची पिशवी घ्यायला आल्या, पदर सावरत कठड्यावरून पलीकडे गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "शालन, तुमचा थांबा आलाय गं."

शालनची मुलगी ऋता हातात गाडीची किल्ली घेऊन पायरीवर उभी होती. थांब्याची वीस मिनिटं यादीतून तिनंच खोडली होती, निळ्या पेनानं, शुक्रवारी दुपारी. दुसरा इलाज नव्हता. देवगडला तिची द्वारकामावशी हल्ली सकाळी अकरापर्यंतच माणसं ओळखत असे. गेल्या महिन्यात दोनपर्यंत ओळखायची. "उद्याचं मी काही सांगू शकत नाही," असं मावशीच्या सुनेनं, वहिनीनं फोनवर सांगितलं होतं. आईनं आपल्या सख्ख्या बहिणीला सहा वर्षांत पाहिलं नव्हतं, कारण आईला घाट सोसत नसे. साडेसहाला निघून न थांबता गेलं तर साडेदहा. मधे वीस मिनिटं गेली की राहतात दहा. दहा मिनिटांत सहा वर्षं कशी बसवायची?

सांगितलेला थांबा घ्यावा लागतो, नाहीतर तो न्यायला येतो, हे काय ऋताला माहीत नव्हतं? पण असले नियम भित्र्या माणसांसाठी असतात असं तिचं कॉलेजपासूनचं मत होतं.

टपरीवाले खामकर पुढे आले. खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसत त्यांनी आईला नमस्कार केला.

"आम्ही भांडायला आलेलो न्हाई ताई. थांब्याचं म्हणणं एवढंच, की बुधवारी तुम्ही फोन करून वीस मिनिटं सांगितली. त्यावर त्यानं दुसऱ्या एका गाडीला नाही म्हटलं. आता त्यानं तोंड कुणाला दाखवायचं?"

आईनं ऋताकडे पाहिलं. "तू खोडलंस?"

"आई, आत्ता ते महत्त्वाचं नाही."

"म्हणजे तूच."

"ठीक आहे!" ऋता पायरी उतरून थेट बाकड्यावर जाऊन बसली. "घेतला थांबा. वीस मिनिटं बसतो आणि निघतो."

खामकरांनी मान हलवली. "निघाल्याशिवाय थांबता येत न्हाई."

"मग पोहोचल्यावर घेतो."

"पोहोचल्यावर कसला थांबा? तो मुक्काम झाला."

"हा अन्याय आहे," ऋता म्हणाली. "एका आजारी बाईची वीस मिनिटं तुम्ही चहासाठी खाताय."

"चहा मी फुकट दीन," खामकर शांतपणे म्हणाले. "मिनिटं माझ्या हातात न्हाईत."

साडेसहा वाजून गेले. माकडांनी समोरच्या काकूंची तुळस उपटायला घेतली. मग ऋताला एक गोष्ट सुचली आणि ती इतक्या घाईनं उठली की बाकडं उलटलं.

"मावशीच्या अंगणाच्या बाहेर, फाटकाला लागून रस्ता आहे. थांबा तिथं उभा राहिला तर? उंबरठा ओलांडायच्या आत?"

खामकर टपरीच्या मागे गेले. तिथं थोडा वेळ बोलणं चाललं. परत आले.

"चालंल म्हणतोय. पण पुरी वीस मिनिटं. आणि ती झाल्याबिगर आत पाऊल टाकायचं न्हाई."

"आणि मावशीला बाहेर आणून थांब्यावर बसवलं तर?"

"थांबा सगळ्यांचा असतो, पोरी. कुणीबी बसावं."

सहा पस्तीसला थांबा पुढे निघाला आणि पाच मिनिटांनी त्या दोघी. ऋतानं गाडीतूनच वहिनीला फोन करून मावशीला दहा पस्तीसला फाटकाबाहेर आणायला सांगितलं. "बाकडं असेल तिथं," ती म्हणाली. वहिनीनं फक्त विचारलं, "पाठ टेकता येते का?"

गगनबावड्यापर्यंत सगळं ठीक होतं. घाट सुरू झाला आणि दुसऱ्या वळणावर आईनं पदर तोंडाला लावला.

"थांब गं जरा."

"थांबता येत नाही आई. थांबा पुढं गेलाय."

चौथ्या वळणावर नुसती मोकळी जमीन होती आणि जिथं कठडा असायचा तिथं थेट दरी. एक ट्रकवाला गाडी अगदी हळू चालवत काच खाली करून इकडेतिकडे बघत होता. त्यालाही थांबायचं होतं. आईला पिशवीत उलटी झाली, मग पुन्हा झाली, आणि ऋता दात आवळून वळणं मोजत राहिली. आपण आईला घेऊन चाललोय की नुसतं पोचवतोय, असा विचार तिच्या मनात आला, पण तिनं गाडीचा वेग कमी केला नाही.

देवगडात त्या दहा चाळीसला पोहोचल्या. थांबा फाटकाला लागून नीट उभा होता. जांभळीनं निम्मं अंगण सावलीत घेतलं होतं. सकाळपासून हाच थांबा शोधत फिरलेली एक लाल एसटीही येऊन लागली होती, आणि तिचे तीसेक प्रवासी कठड्याशी उभे राहून चहा पीत होते. त्या सगळ्यांत, बाकड्याच्या टोकाला, मांडीवर पिशवी घेऊन द्वारकामावशी बसली होती.

आई तिच्या शेजारी बसली. ऋता समोरच्या बाकड्यावर. खामकरांनी कप दिले आणि घड्याळाकडे बोट केलं.

मावशीनं आईकडे पाहिलं. ओळखीचं काही नव्हतं त्या बघण्यात.

"तुम्ही कुठवर?" तिनं विचारलं.

आईनं कप बशीवर ठेवला. "इथवरच," ती म्हणाली.

"मी कोल्हापूरला. बहीण असते माझी. धाकटी." मावशी एसटीकडे बघत म्हणाली. "तीच यायची, पण तिला गाडी लागते."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. ऋताला ओरडून सांगावंसं वाटत होतं, मावशी, अगं हीच ती! पण वहिनीनं फाटकाच्या आतून मान हलवली. सांगितलं तर ती घाबरते, मग दिवसभर कुणालाच जवळ येऊ देत नाही.

"तुम्हालाही लागलेली दिसते," मावशी आईच्या ओल्या पदराकडे बघत म्हणाली.

"हो. घाटात."

"मग आडवं बघायचं नाही. लांब बघायचं." मावशीनं कप खाली ठेवला आणि आईच्या पाठीवर हात ठेवला. मानेपासून खाली, पुन्हा मानेपासून खाली. आईनं डोळे मिटले. हात मधेच थांबला. जणू त्याला खालची पाठ काहीतरी सांगत होती आणि ते वरपर्यंत पोचायला वेळ लागत होता.

दहा अठ्ठावन्न. प्रवासी कप ठेवू लागले. ऋता उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. तिला वाटलं, उठायची वेळ झाली, आता सगळे उठणार, मावशीही उठून एसटीत चढणार.

एसटीचा कंडक्टर ऋताच्या शेजारीच चहा पीत होता. त्यानं बशीत उरलेला घोट फुंकला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, "बसा हो ताई. अजून दोन मिनिटं हायेत."