तिघांत मासा देखणा

ही गोष्ट अगदी खरी आहे, माझ्या डोळ्यांची शपथ. (मध्ये चष्म्याचा नंबर वाढला, त्यामुळे कडेकडेने थोडं इकडंतिकडं झालं असेल. मधला भाग पक्का.)

तर स्फाक्स या समुद्राकाठच्या अरबी शहरात, बाब जबली नावाच्या वेशीबाहेर, लमजद नावाचा लग्नाचे फोटो काढणारा एक माणूस होता. फोटो बरे काढायचा. पण एक दिवस त्याच्या मनात आलं, आपल्या वेबसाइटनं लोकांचे डोळे दिपले पाहिजेत. झालं. पान उघडलं की आधी जाईच्या पाकळ्या पडायच्या, मग सनई वाजायची, मग एक पडदा सरकायचा, त्यामागून दुसरा पडदा, आणि मग फोटो कूस बदलत बदलत यायचा. तेवढ्या वेळात एखाद्याचा साखरपुडा मोडून दुसरीकडे जमला असता. महिन्यात सेहेचाळीस पाहुणे आले. एक्केचाळीस वेळा लमजद स्वतः, उरलेले पाच गॅरेज शोधत आलेले.

त्याचे सासरे सी बशीर (तिकडचं 'सी' म्हणजे आपलं 'राव') खारवलेल्या माशांचे व्यापारी. त्यांनी घरी येऊन शांतपणे सांगितलं, "जावईबापू, या उन्हाळ्यात एक तरी मोठं लग्न मिळव. नाहीतर माझ्याकडे ये. पिंपं हलवायला माणूस हवाय."

लमजदला त्या वासानं भोवळ यायची. ईदला सगळं घर खारा मासा खायला बसलं की हा ताट घेऊन गच्चीवर जायचा, वाऱ्याच्या उलट्या बाजूला.

बायको रौधा शाळेत शिकवायची. ती म्हणाली, "लमजद, पाकळ्या काढ."

"आणि सनई?"

"तीही."

"पडदे तरी राहू देत. मग उरलं काय?"

"फोटो. लोक त्यासाठी येतात असं म्हणतात."

तीन दिवस बसून तिनं साधी पानं केली. फोटो हलके, अक्षरं मोठी, बटणं आजीच्या अंगठ्यालाही सापडतील अशी. प्रत्येक फोटोला एक चौकट. "यात काय दिसतं ते लिहायचं. नेट मंद असलं तर फोटोऐवजी हे शब्द दिसतील. आणि ज्यांना दिसत नाही त्यांना फोन वाचून दाखवील."

"हे कोण वाचणारे?"

"तू लिही. रिकामं सोडू नकोस."

आता फोटो होते सी अम्मारच्या मुलीच्या लग्नाचे, तिकडच्या रीतीप्रमाणे नवरा-नवरी शुभ म्हणून मोठ्या माशावरून उडी मारतात तिथपर्यंत सगळे. हा अम्मार समोरच्या केर्केना बेटावरचा बोटवाला. त्यानं परवानगी दिली होती, पण बजावून: "टाक वेबसाइटवर. पोरीला नजर लागली तर मी तुझ्या दारात येईन." मग सगळ्या जगासमोर 'सुंदर नवरी' असं लिहायचं कसं? तिथं कुणी बाळाला गोंडस म्हटलं तरी आई नजर अडवायला पाच बोटं पुढे धरते. लमजद जबाबदार माणूस. त्यानं एकेका चौकटीत असं लिहिलं, की नजर लागण्यासारखं काही उरलंच नाही.

पंधरा दिवसांत केर्केनाहून बोलावणं आलं. सी अम्मारच्या मावशी, लल्ला खदूजा ('लल्ला' म्हणजे बाईसाहेब), यांच्या नातीचं लग्न. सात दिवसांचं. लल्लांना अकरा वर्षं दिसत नव्हतं, आणि त्यांनी जाहीर केलं होतं, "फोटोवाला मी निवडणार." घरात कुणी हसलं नाही. (घर त्यांच्या नावावर होतं.)

लमजद आणि रौधा बोटीनं गेले. बैठकीत पंधरा माणसं, सी अम्मार मुलगी-जावयासकट हजर. बेटावर नेट वाऱ्यासारखं, आलं तर आलं. सगळ्यांनी फोनवर वेबसाइट उघडली. फोटो एकही आला नाही. शब्द मात्र आले. आणि लल्लांच्या मांडीवरचा फोन सपाट आवाजात वाचू लागला.

"फोटो एक. नवरी. ठीकठाक. बघण्यासारखं काही नाही, पुढे जावं."

सी अम्मारच्या मुलीनं कप खाली ठेवला.

"फोटो दोन. नवरीचे वडील. सूट मागून आणलेला. पोट स्वतःचं."

"लमजद," सी अम्मार म्हणाला.

"फोटो तीन. जेवण. पुरलं नाही."

"चारशे माणसं जेवली," सी अम्मार उठत म्हणाला. "अर्धी डबे भरून घेऊन गेली."

"फोटो चार. नवरा-नवरी माशावरून उडी मारतायत. तिघांत मासा देखणा."

लमजदच्या नाकात पिंपांचा वास आला. आजूबाजूला पिंप नव्हतं. तो चाचरत म्हणाला, "लल्ला, नजर लागू नये म्हणून लिहिलं. खरं तर सगळंच फार..."

"गप्प," लल्ला म्हणाल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, पदरानं डोळे पुसत होत्या. "अकरा वर्षांत मी वीस लग्नांना गेले. विचारलं नवरी कशी आहे, की सगळे म्हणतात, चंद्र. वीस चंद्र, अम्मार. एक चेहरा दिसला नाही मला. आज पहिल्यांदा लग्न दिसलं. तुझं पोट सुटलं हेसुद्धा कुणी बोललं नाही."

सी अम्मारनं पोट आत घेतलं. तेवढ्यात फोन म्हणाला, "फोटो पाच. फोटोवाला लमजद. अत्यंत देखणा, रुबाबदार, उंच."

लल्लांनी मान वळवली. "पोरी, याला नजर लागायची भीती नाही का?"

"नाही लल्ला," रौधा म्हणाली. "याला लागत नाही."

काम मिळालं. अट एकच: लमजदनं सातही दिवस लल्लांच्या शेजारी बसून बघायचं आणि बोलायचं. कॅमेरा रौधाकडे. सातव्या दिवशी माशावरून उड्या झाल्या तेव्हा लमजदनं इतकं रंगवून सांगितलं, की डोळे असलेल्या बायकाही डोळे मिटून त्याच्याभोवती बसल्या. परतीच्या बोटीत तो रौधाला म्हणाला, "तुझ्या त्या चौकटी नसत्या तर मी आज पिंपात असतो."

"लक्षात ठेव," ती म्हणाली आणि फोटो बघत राहिली. फोटो त्याच्यापेक्षा चांगले आले होते.

तेव्हापासून लोक फोटोसाठी रौधाला बोलावतात. लमजदला नुसतं बोलायला नेतात, आणि तो माणशी दोन दीनार घेतो. आता तुम्ही एकही फोटो न बघता एवढं सगळं बघितलंत. मी त्याचाच वसुलीवाला. काढा. मागे डोळे मिटून बसलेल्यांना जास्त दिसलं, त्यांचे चार होतील.