कोंबड्यांचा फराळ

कृष्णाची नोकरी कोणाही अमेरिकन माणसाला जमणार नाही, हे सरकारला पटवायचं होतं. अडचण एवढीच होती की ते खुद्द कृष्णालाही पटत नव्हतं.

पेनसिल्व्हेनियातल्या कोंबडीखाद्याच्या एका कारखान्यात तो अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा आहार कॉम्प्युटरवर ठरवत असे. मका किती, सोयाबीनची पेंड किती, शिंपल्यांचा चुरा किती, मीठ किती. जन्मात अंडं न खाल्लेला हा नागपूरकर रोज शेजारच्या राज्यातल्या एडिसन गावाहून गाडी हाकत तिथे जायचा आणि लाखो कोंबड्यांनी काय खावं ते सांगायचा. कोंबड्या निमूटपणे ऐकायच्या. घरी त्याचं इतकं कोणी ऐकत नसे.

ग्रीन कार्डाच्या अर्जाआधी त्याच्या जागेची जाहिरात देणं भाग होतं. लायक अमेरिकन मिळाला नाही, तरच अर्ज पुढे जाणार होता. जाहिरात दिली आणि नेमका एक लायक अमेरिकन मिळाला. त्याच्याकडे डॉक्टरेट होती, तीही कोंबड्यांच्या आहारातलीच.

"क्रिश," मालक वॉल्टर म्हणाला, "तुला येतं आणि त्याला येत नाही, असं काहीतरी मला दाखव. म्हणजे मला जाहिरात बदलून परत देता येईल."

कृष्णाने आठवडाभर विचार केला. असं काहीही त्याला आठवलं नाही.

त्या वर्षी देशाला मक्यापासून मोटारींचं इंधन काढायचा छंद लागला होता. गाड्या मका पिऊ लागल्या आणि कोंबड्यांना तो परवडेना. कृष्णाने ही रडकथा यतीनला ऐकवली. यतीन मुंबईचा, त्याचा एडिसनला फरसाणाचा कारखाना होता.

"अरे यार, रडतोस काय?" यतीन म्हणाला. "माझा तुटका शेव-चिवडा रोज पोत्यांनी फेकला जातो. बेसन आहे, पोहे आहेत, दाणे आहेत, तेल तर विचारूच नकोस. घेऊन जा तुझ्या कोंबड्यांना."

"तिखट असतो रे तो."

"मग? पोपट मिरची खातो, तेव्हा हाय हाय करतो का?"

पक्ष्यांना तिखट लागत नाही, हे कृष्णाने इंटरनेटवर पडताळून पाहिलं. खरंच लागत नव्हतं. अमेरिकेत आल्यापासून इतकी चांगली बातमी त्याने वाचली नव्हती.

यतीनने प्रयोगशाळेत पाठवायला किलोभर चुरा पिशवीत भरून दिला. घरी येताना कृष्णा ट्रॅफिकमध्ये अडकला. नमुना नीट आहे ना, हे पाहायला त्याने पिशवी उघडली. घरी पोहोचला, तेव्हा नमुना नीट होता असं तो शपथेवर सांगू शकला असता. फक्त तो आता पिशवीत नव्हता.

"किलोभर?" त्याच्या बायकोने, रत्नाने विचारलं.

"शेजारच्या गाडीत आपल्या बिल्डिंगमधला अमित भेटला. काच खाली करून त्याने पण मूठ-दोन मुठी घेतल्या."

"आणि तुझं ब्लड प्रेशर?"

"ते नंतर बघू. उद्या सकाळी कुरियरवाला येणार आहे. घरात काही आहे का?"

घरात रत्नाने केलेला चिवडा होता. चिवडा तो चिवडा, असा शास्त्रीय निष्कर्ष काढून कृष्णाने तो कुटला आणि पाठवून दिला. रत्ना घरात सगळंच अळणी करते, आणि ते त्याच्याच रक्तदाबापायी, हे त्याला रोजच्या जेवणात आठवायचं. त्या दिवशी आठवलं नाही.

रिपोर्ट आला. प्रथिनं छान, तेल छान, मीठ जवळजवळ नाही. मिठाची ही उणीव कॉम्प्युटरने मोठ्या मनाने वरून भरून काढली. यतीनचा मुळातच खारट चुरा घालून खाद्य तयार झालं आणि पोल्ट्री फार्मांवर गेलं.

तिसऱ्याच दिवशी शेतकऱ्यांचे फोन सुरू झाले.

"वॉल्टर, माझ्या कोंबड्या पाण्याच्या नळाला चिकटल्यात! सोडायला तयार नाहीत."

"वॉल्टर, शेडमध्ये खाली नुसता चिखल झालाय. बायको म्हणते, आता घरात येऊ नकोस."

"वॉल्टर, अंड्यातला बलक केशरी का आहे?"

आठवडाभर असे फोन आल्यावर वॉल्टरने कृष्णाला बोलावून दार लावलं. कृष्णाला खोटं बोलणं जमत नसे आणि खरं बोलायचं धैर्य नसे, म्हणून त्याने मान खाली घालून टेबलालाच सगळं सांगितलं. ट्रॅफिक, अमित, रत्ना, रक्तदाब.

"म्हणजे," वॉल्टर सावकाश म्हणाला, "लॅबने तुझ्या बायकोचा स्वयंपाक तपासला?"

"हो."

"आणि पास केला?"

"हो. घरी आम्ही करत नाही."

वॉल्टर हसला नाही. चुऱ्याचे ट्रक थांबवायला तो फोन उचलणार, तेवढ्यात फोनच वाजला. अंड्यांचा व्यापारी होता. एडिसनच्या दुकानांत केशरी बलकाच्या अंड्यांवर बायकांची झुंबड उडाली होती. शोभनाकाकू नावाच्या कोणी बाईंनी "अगदी गावरान गं!" असं जाहीर केल्यापासून दुप्पट भाव मिळत होता. हा रंग यतीनच्या लाल तिखटाचा आहे, हे काकूंना सांगायची कोणाला गरज वाटली नाही.

"ट्रक चालू ठेवू," वॉल्टर म्हणाला. "पण प्रत्येक ट्रकमधलं मीठ वेगळं असणार. लॅबच्या रिपोर्टला चार दिवस लागतात. तोपर्यंत काय करायचं?"

आजच्या ट्रकमधलं एक पोतं टेबलाशेजारी होतं; कृष्णाने त्यातून चिमूटभर चुरा तोंडात टाकला. "यात वरून मीठ घालायचंच नाही," तो म्हणाला. "कालच्यापेक्षाही खारट आहे हा."

वॉल्टरने जाहिरातीचा कागद पुढे ओढला.

नुसत्या चवीवरून फरसाणातलं मीठ ओळखता आलं पाहिजे, अशी जाहिरात बदलून पुन्हा दिली. डॉक्टरेटवाले मुलाखतीला आले. वॉल्टरने त्यांच्यापुढे यतीनच्या शेवेच्या तीन बश्या ठेवल्या आणि कशात मीठ जास्त ते सांगायला सांगितलं. पहिल्या बशीला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसरीला त्यांनी पाणी मागितलं. तिसरीला त्यांनी हातही लावला नाही आणि आपल्याला दुसरीकडे नोकरी मिळाल्याचं जाहीर केलं.

कृष्णाचा अर्ज पुढे गेला. त्या संध्याकाळी तो घरी नाचतच आला.

"रोज प्रत्येक ट्रकमधला एक घास मी चाखायचा!" त्याने सांगितलं. "ऑफिशियल जॉब रिक्वायरमेंट आहे. इथे कोणालाच जमत नाही."

"रोज किती ट्रक?"

"सध्या पाच."

"आणि ग्रीन कार्ड कधी येणार?"

कृष्णाचा नाच थांबला. "वकील म्हणतो, आपल्या लोकांची लाइन मोठी आहे. आठ-दहा वर्षं धरून चाला."

"आणि तोपर्यंत नोकरी बदलायची नाही?"

"बदलली तर सगळं पहिल्यापासून."

रत्नाने त्याच्या उद्याच्या डब्यातली पोळी-भाजी काढली आणि त्या जागी काकडीचे काप ठेवले.

"जेवण?" कृष्णाने विचारलं.

"ते तुझं ट्रकमधून येणार ना," ती म्हणाली.