इशबेलला कुणी उठवलं

मर्डोनं तळ्याकाठी दगडांचं कोंडाळं केलं, त्यात बायकोची राख ओतली आणि चहाला पाणी आणायला गेला. चहाशिवाय निरोप दिला असता तर इशबेलनं वरून शिव्या घातल्या असत्या.

जागा तिचीच निवड. लग्न नवं असताना दोघांनी इथंच तंबू ठोकला, तर जमीनदाराचा रखवालदार कुत्री घेऊन आला. भर पावसात उठवलं. इशबेल चिखलात उभी राहून ओरडली, "एक दिवस मी इथं अशी बसेन, की कुणाचा बाप मला उठवणार नाही!" पुढं स्कॉटलंडात कायदा झाला. डोंगर-रान सगळ्यांना मोकळं, पाठीवरचा तंबू टाका आणि झोपा, फक्त मागं घाण ठेवू नका. मग दर उन्हाळ्यात दोघं इथं. जाताना इशबेल लोकांचासुद्धा कचरा उचलून न्यायची.

किटली भरून मर्डो परतला, तर दगड इकडंतिकडं फेकलेले. राख गायब. गावातला कॉलिन फावड्यावर रेलून उभा. सुट्टीच्या दिवशी हा फुकट रान साफ करत हिंडायचा आणि भेटेल त्याला झाडायचा.

"बघा मर्डोकाका, लाज नाही लोकांना! विस्तव करून तसाच टाकून गेले. सगळं खरवडून काढलं मी."

"राख कुठंय?"

"पिशवीत. चिमूटभर ठेवली नाही!"

"दे ती पिशवी."

कॉलिनचे डोळे बारीक झाले. "म्हणजे विस्तव तुमचा? या वयात? तुमच्यासारख्यांमुळंच कायदा बंद पडेल एक दिवस! आज इशबेलकाकू असत्या तर..."

"ती पिशवीत आहे."

कॉलिन हसला. मग मर्डोचं तोंड बघून मटकन खाली बसला. चिलटांनी मान फोडून काढली, तरी हात हलला नाही त्याचा.

पिशवी उपडी केली. बिअरचे डबे, एक फाटका मोजा आणि पलीकडं पोरांनी सॉसेज भाजली होती त्याची राख. सगळं एकजीव.

"यातल्या काकू कुठल्या हो?" कॉलिन रडकुंडीला आला.

"मोजा नाही, एवढं नक्की," मर्डो म्हणाला. मग नाक पुसलं आणि म्हणाला, "तेव्हाचा रखवालदार म्हणजे तुझा बाप, कॉलिन. तेव्हा त्यानं उठवलं, आज तू. तुमच्या घराला माझी बायको बसलेली बघवत नाही का रे?"

कॉलिन उठला. डबे वेचले, मोजा वेचला, एकेक दगड छातीशी धरून परत आणला. मर्डोनं राख पुन्हा आत सारली, सॉसेजची धरून. चहा दोघांनी एकाच कपातून प्यायला. इशबेलचा कप मर्डोनं आणला होता, पण तो काही पाठपिशवीतून काढला नाही.

निघताना मर्डोनं वळून जागा न्याहाळली. तिनंच लावलेली सवय.

"काही राहिलं नाही ना काका?" कॉलिननंही सवयीनंच विचारलं आणि जीभ चावली.

"राहिलंय," मर्डो म्हणाला. "राहू दे."