सातवी पिन पडत नाही

सांगलीच्या एका बोलिंग सेंटरमधल्या सातव्या पिनेने मार्चमध्ये शिंत्र्यांच्या मुलीसाठी पडायला नकार दिला.

नऊ वर्षांच्या जुईने टाकलेला बॉल नेहमीप्रमाणे कडेच्या चरात गेला होता. बाकीच्या पिना रीतसर पडल्या. सेंटरचा तसा नियमच होता. मुलं तिथे आत्मविश्वास शिकायला येत. सातवी तेवढी उभी राहिली.

जुईचे वडील निरंजनराव त्या पिनेजवळ गेले. "काही अडचण आहे का?"

"बॉल मला लागला नाही," पिन म्हणाली.

"इतरांना तरी कुठे लागला?"

"ते त्यांना विचारा."

इतरांचं म्हणणं पडलं, की नोकरी आहे, उगाच तत्त्वं कोण काढत बसणार.

प्रशिक्षक तांबोळी सरांनी सातवीला समजावून पाहिलं. "अहो, लहान मूल आहे. पडलात तर काय बिघडेल?"

"तिला वाटेल, तिनेच पाडलं."

"तेच तर शिकवतो आम्ही," सर म्हणाले आणि त्यांनी तिला कामावरून काढलं.

रविवारी स्पर्धा होती आणि नवी पिन मिळेना. तेव्हा पांढरा सदरा घालून, गळ्याला लाल पट्टी बांधून निरंजनराव स्वतःच त्या जागेवर उभे राहिले. जुईचा बॉल चरात गेला आणि ते सगळ्यांच्या आधी आडवे झाले. पालकांनी टाळ्या वाजवल्या, जुईला चषक मिळाला.

"बाबा, लागला का?"

"लागला ना. जोरात लागला."

जुईने चराकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. चषक खुर्चीवर ठेवून ती बाहेर गेली. राहिलेला पगार घेऊन सातवी पिन दाराशी रिक्षाची वाट बघत होती.

"तुम्ही आमच्याकडे राहायला याल का?" जुईने विचारलं.

पिन आली. आता ती शिंत्र्यांच्या पॅसेजमध्ये उभी असते आणि जुई तिच्या दिशेने मोसंबी सोडते. "डावीकडे जातंय," पिन सांगते. "खांदा वळवू नकोस." जुई रडली, चिडली, जेवायची थांबली, पिन हलली नाही. निरंजनरावांचा मात्र जम बसला. सेंटरने त्यांना कायम केलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी मोसंबं सरळ गेलं आणि पिन धाडकन आडवी झाली.

"खरंच लागलं?" जुईने दबकत विचारलं.

"लागलं," पिन जमिनीवरून म्हणाली. "दुखतंय."

जुई तिच्याशेजारी फरशीवर आडवी झाली आणि पोट धरून हसत सुटली.

आई आत फोनवर आत्याशी बोलत होती. आवाज ऐकून तिने विचारलं, "काय गं, किती पडल्या?"

"एक," जुई म्हणाली.

"दहा," आईने आत्याला सांगितलं.