कुंडी आत, कुंडी बाहेर

ताईने तीन आठवड्यांसाठी गावाला जाताना आपल्या धाकट्या भावाच्या, घड्याळजीच्या हाती झाडाची कुंडी दिली आणि त्याच्यासमोर पानं मोजली. नऊ. "तुझ्याकडे दिलं म्हणजे गेलं, हे मला माहीत आहे," ती म्हणाली, "पण एरवी झाड सांभाळणारी शेजारीणच माझ्याबरोबर येतेय, दुसरं कुणी नाही." लहानपणी त्याने तिची छत्री हरवली, तेव्हापासून ती हेच म्हणत आली होती. या वेळी ताईचं तोंड बंद करायचंच, असं घड्याळजीने मनाशी ठरवलं. ती परतायच्या आदल्या दिवशी कुंडीत चार पानं उरली होती.

शेवटी दुकानाला कुलूप लावून, कुंडी पोटाशी धरून त्याने दोनशे वर्षं जुनी बाग गाठली. तिथले मुख्य माळी मेलेलं झाडसुद्धा उठवून बसवतात, असं त्याने ऐकलं होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने डबा, चेंडू किंवा कुत्रा आहे का, एवढंच विचारलं. यातलं काहीच नसल्याने घड्याळजी आत गेला. चाळीस वर्षांनी एकदाच फुलणारा ताड, किडे खाणारी वेल, जहाजाने आणलेली कमळं बघायला लोक कुठून कुठून आले होते. घड्याळजी कशाकडेही मान न वळवता थेट माळीबुवांपुढे उभा राहिला.

"पाणी किती वेळा घालता?" माळीबुवांनी विचारलं.

"तीनदा. जेवणानंतर."

माळीबुवांनी जरा वेळ झाडाऐवजी त्याच्याचकडे पाहिलं. "आता त्याच्या वाटेला जाऊ नका," ते म्हणाले, "आपोआप सुधारेल."

इतकं सोपं निघालं म्हणून घड्याळजी खुशीत बाहेर जायच्या फाटकाशी आला. ते फाटक वेगळं होतं आणि तिथला पहारेकरीही वेगळा होता.

"बागेतलं झाड बाहेर नेता येत नाही."

"माझं आहे हो. घरून आणलंय."

"सगळे तेच म्हणतात."

पहिल्या पहारेकऱ्याला साक्षीला बोलवावं, तर त्याने सरळ कानांवर हात ठेवले. कुंडी आपण आत सोडली असं कबूल केलं असतं तर ते त्याच्यावरच शेकलं असतं. माळीबुवा एव्हाना घरी गेले होते. राहता राहिली कचेरी. तिथल्या बाईंनी जाडजूड वही उघडली.

"याचा नंबर कुठाय?"

"नंबर नाही, कारण हे तुमचं नाहीच."

"म्हणजे तुम्ही नंबराची पट्टी काढून टाकलीत."

घड्याळजीच्या कपाळावरची शीर तटतटली. पण बाईंनाही पाचला घरी जायचं होतं, म्हणून त्यांनीच मार्ग काढला. बिननंबरी झाड बाहेर जात नाही आणि नंबर बागेच्याच झाडाला मिळतो. तेव्हा त्याने झाड बागेला भेट द्यावं, म्हणजे नंबर पडेल. मग तेच झाड 'प्रदर्शनासाठी' म्हणून पंधरा दिवस घरी न्यावं.

"पण ते माझ्या बहिणीचं आहे."

"मघाशी तर तुमचं म्हणत होतात."

घड्याळजीने निमूटपणे सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी ताईने पानं मोजली आणि कुंडीवरची पितळी पट्टी वाचली. "तुझ्याकडे दिलं म्हणजे गेलं," ती म्हणाली. आता ते कागदोपत्री खरं असल्याने घड्याळजीला तोंड वर करून बोलायची सोय नव्हती. पुढचे पंधरा दिवस ताई त्याच्याशीही बोलली नाही आणि जीव लावून काय उपयोग म्हणून झाडाकडेही फिरकली नाही.

पंधराव्या दिवशी दोघं कुंडी परत करायला गेली. फाटकावर नवी कोरी पाटी होती.

"झाड आत नेता येत नाही," पहारेकरी म्हणाला. "मध्ये कुणीतरी कुंडी घेऊन घुसला होता. उगाच मला बोलणी बसली."

घड्याळजी पडला शब्दाचा पक्का. दिलेल्या वेळेला गिऱ्हाइकाचं घड्याळ तयार नसलं तर त्याला घास गोड लागत नसे. "अहो, हे माझं नाही," तो कळवळून म्हणाला. "तुमच्या बागेचं आहे."

"सगळे तेच म्हणतात."

तो पट्टी दाखवायला पुढे झाला, तोच दंडाला सणसणीत चिमटा बसला. ताईने कुंडी हिसकावून घेतली आणि रस्त्याला लागली.

"ताई, पण नियमाप्रमाणे हे..."

"गप्प बस."

कोपऱ्यावर वळल्यावर ती थांबली आणि तिने पानं मोजली. पाच होती, त्यातलं एक कोवळं.

"तुझ्याकडे दिलेलं पहिल्यांदाच काहीतरी परत मिळालं," ती म्हणाली.