गार खोलीतले पाने

ऐन जूनमध्ये तुम्ही मस्कतमधल्या आमच्या माबेलाच्या बिल्डिंगमध्ये मेश्राम मॅडमकडे गेलात, तर त्या तुम्हाला हॉलमध्ये पंख्याखाली बसवतील. बाहेर शेहेचाळीस डिग्री, आणि पंख्याची हवा तव्यावरून आल्यासारखी. घरात एसी एकच. तो आतल्या खोलीत, चोवीस तास चालू. आत कोणी आजारी नाही, तान्हं मूल नाही. आत पाने आहेत. नट-बोल्ट पिळायचे, लोखंडी, जुने पाने. साडेतीनशेच्या वर. त्यांना दमट हवा सोसत नाही म्हणून ते गारव्यात, आणि रक्तदाबाची गोळी घेणारा मी बाहेर रुमालानं मान पुसत बसलेला.

एकदा मी हे तोंडावर बोलून दाखवलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला घाम येते भाऊ, त्यांना गंज येते. घाम पुसला का गेला."

मी रुमालाची कोरडी बाजू शोधली.

सुलोचना मेश्राम मूळच्या नागपूरच्या. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, मस्कतला येऊन वीस-बावीस वर्षं झाली. एका लॅबमध्ये कॅलिब्रेशन इंजिनिअर आहेत, म्हणजे लोकांची मोजमापाची यंत्रं खरं सांगतात की खोटं, ते तपासायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार मिळतो, आणि संध्याकाळी तेच काम त्या फुकट करतात. लिफ्ट एक सूत वर थांबते. वॉचमन झाडाला पाणी चुकीच्या वेळी घालतो. दुकानातला दहा किलोचा तांदूळ नऊ किलो आठशे भरतो. प्रत्येक तक्रारीच्या शेवटी एकच वाक्य, "शोभते काय हे?"

मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत पर्चेसला आहे. साइटसाठी पाने, पकडी, हातोडे मीच मागवतो, जिथे स्वस्त मिळतील तिथून. ही माहिती मी पहिल्याच भेटीत त्यांना दिली, आणि आजवर त्याची शिक्षा भोगतो आहे. आमचा एक नवा पाना त्यांनी हातात घेतला, नखानं टिचकी मारली, कानाशी नेला. "हे लोखंड नाही भाऊ, हा बिस्कुट आहे," म्हणाल्या. "याच्यावर एका माणसाचा हात अवलंबून असते. घसरला तर बोटं जातात. नियत पायजे, नियत."

त्यांच्या लेखी नियत असलेलं लोखंड एकच, अमेरिकेत घडवलेलं, तेही जुनं. 'मेड इन यूएसए' ही अक्षरं पोलादातून उठून आलेली हवीत, नुसती छापलेली नकोत. तसे पाने इथे सापडतात, कारण आत वाळवंटातल्या तेलाच्या जुन्या कँपांवर अमेरिकन सामान असायचं. कँप बंद झाले, पेट्या भंगारात गेल्या, आणि बरका गावाच्या पलीकडे एका यार्डात त्या अजून फुटतात. दर शुक्रवारी सकाळी मॅडम तिथे हजर. गाडी माझी. का, तर त्यांच्या गाडीची डिकी लहान आहे. माझ्या आठवड्याच्या सुटीची डिकी केवढी आहे, हे कोणी विचारत नाही.

यार्डावरचे खानसाहेब त्यांना ओळखून आहेत. मी पहिल्यांदा सोबत गेलो तेव्हा मात्र त्यांनी चूक केली होती. पाना कागदात गुंडाळताना अदबीनं विचारलं, "मॅडम, साहब के लिए ले रहे हो?" आणि माझ्याकडे पाहिलं.

"ये साहब नहीं है, ये ड्रायव्हर है," मॅडम म्हणाल्या. "पाना मेरा है."

खानसाहेब त्यानंतर त्यांना चहा देतात आणि मला उन्हात उभं ठेवतात.

बरं, एवढे पाने असून कोणाच्या उपयोगाला पडतील म्हणाल, तर तेही नाही. एकदा माझ्या गाडीची बॅटरी बदलायची होती. म्हटलं, शेजारी खजिना आहे, कशाला गॅरेज? मॅडमनी दार उघडून आधी माझे हात पाहिले. मग म्हणाल्या, "तुमची गाडी जपानी. दहा मिलिमीटर. माझे सारे इंचात. एकही बसणार नाही."

म्हणजे साडेतीनशे पाने, आणि अख्ख्या माबेलात त्यांच्या मापाचा नट नाही. मी हसलो. ते त्यांना लागलं.

"असं कसं नाही? पाऊण इंची बसते एकोणीसला. बरोबर बसते."

"मग चाक बदलायच्या वेळी तो द्या."

"बसते म्हणून द्यायचा काय?" असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगताना माझा राग कुणावर आहे ते तुम्हीच ठरवा.

गेल्या ऑगस्टमध्ये मॅडम भाचीच्या लग्नाला बारा दिवस नागपूरला निघाल्या. जाताना किल्ली माझ्या हातात दिली आणि एक कागद. कागदावर नंबर घालून सूचना होत्या. एसी चोवीसवर, बंद करायचा नाही. दर तीन दिवसांनी सगळे पाने तेलाच्या फडक्यानं पुसायचे. खिडकीजवळच्या फळीवरचे आधी. उघड्या हातानं धरायचे नाहीत. माझ्या बायकोनं, वैशालीनं, तो कागद फ्रिजवर लावला आणि म्हणाली, "ताई पहिल्यांदाच कोणाकडे किल्ली देतायत. नीट कर." मी स्वतःचे बूट कधी पुसत नाही, पण पाने पुसेन म्हणालो.

चौथ्या दिवशी मी आत गेलो. रिकामं घर, कोणी नाही, आणि एसी गारेगार वाहतोय. बाहेर रस्त्याच्या कामावरची माणसं डोक्याला ओलं फडकं बांधून उभी, आणि इथे लोखंडाला थंडी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तत्त्व म्हणून मी एसी बंद केला. दोन दिवसांनी लावू, असं ठरवलं. मग ऑफिसात ऑडिट लागलं, आणि मी तत्त्वही विसरलो आणि एसीही.

पाच दिवसांनी दार उघडलं तर खोली ओल्या टॉवेलसारखी झाली होती. बहुतेक पाने तेलामुळे वाचले होते. खिडकीजवळच्या फळीवर मात्र, जिच्यासमोर मॅडमची आरामखुर्ची असते, बावीस पाने होते, आणि त्या बावीसच्या बावीसांवर तपकिरी भुकटी चढली होती. उघड्या बोटानं घासली तर बोट लाल झालं.

घाबरलो, हे कबूल करतो. पण मी पर्चेसचा माणूस आहे, मार्ग काढणं हा माझा धंदा. बावीस पाने पिशवीत घातले आणि सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, एका पॉलिशवाल्याकडे नेले. घासून, बफ मारून, वर क्रोम चढवायचं. अर्जंट. म्हटलं, गंज तर जाईलच, वर मॅडमना अशी भेट मिळेल की त्या जन्मात पहिल्यांदा कशाला तरी चांगलं म्हणतील.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये असताना पॉलिशवाल्याचा फोन आला. "साब, पीछे में कुछ-कुछ लिखा है. किसी ने कील से लिखा है. रखने का?"

"खलास करो," मी म्हणालो. "एक भी खरोंच नहीं चाहिए. नया दिखना मंगता."

आणि दिसले. आरशात बघून भांग पाडावा इतके. मी ते पुन्हा फळीवर टांगले आणि मॅडमना आणायला एअरपोर्टवर गेलो. वाटेत त्यांनी नागपूरच्या मांडववाल्यापासून विमानातल्या उपम्यापर्यंत सगळ्यांना शोभते काय विचारून घेतलं. मी आपला मनातल्या मनात हसत होतो.

आतल्या खोलीत त्या फळीसमोर उभ्या राहिल्या. मी वाट पाहत होतो. त्यांनी एक पाना काढला, पुढची बाजू बघितलीसुद्धा नाही, उलटा केला. ठेवला. दुसरा काढला, उलटा केला. असे बावीस. मग खुर्चीत बसल्या.

"मागून पण केलं काय?"

"सगळीकडून. एक ओरखडा ठेवला नाही."

"हो ना," त्या म्हणाल्या.

आता मला राग आला. माझी धावपळ, माझा वेळ, आणि बाईंच्या तोंडून एक बरा शब्द नाही. "निदान आवडलं की नाही एवढं तरी सांगा," मी म्हणालो. "एवढं काय होतं हो मागे? कोणा अडाण्यानं खिळ्यानं खरडलेलं."

मॅडम उठल्या. पहिल्या पान्यावर बोट ठेवलं. "हा के. पिल्ले. हा रशीद, त्याचा नंबर एकशे चौदा. याला लिहिता येत नव्हतं, यानं चांदणी काढली होती, पाच टोकांची. या दोघांवर एकच नाव, डिसोझा, पण अक्षर वेगळं. बाप-लेक असतील. किंवा भाऊ." चकचकीत, कोऱ्या लोखंडावरून त्या वाचत गेल्या, आणि कुठेही अडखळल्या नाहीत. "कँपात सगळ्यांना सारखाच पाना मिळे भाऊ. आपला कोणता ते कळावं म्हणून मागून नाव टाकत. नोकरी कंपनीची, खोली कँपची, पासपोर्ट अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, कपाटात. माझा म्हणायला एवढं एकच होतं त्यांच्यापाशी. तेही खरं म्हणजे कंपनीचंच."

त्यांचं बोट पुढच्या पान्यावर गेलं.

"अन् हा बबन."

"बबन?"

"आपल्या अक्षरात. मराठीत. ब काढला, मग ब काढला, न घसरला." त्यांनी तो पाना हातात घेतला. "मी आली तेव्हा लॅबमध्ये मराठी कोणी नव्हतं. खोलीत दोघी होत्या, एक मनिलाची, एक त्रिचूरची. घरी फोन शुक्रवारी, पाच मिनिटं, त्यातली तीन नुसतं हॅलो हॅलो. आठ महिने झाले होते. पान्यांचा तेव्हा मला कायबी शौक नव्हता. लॅबच्या कामानं त्या यार्डात गेली, अन् ढिगात हा उलटा पडून होता. मी तिथे उन्हातच बसली अन् मोठ्यानं वाचलं, बबन. खानसाहेबांना वाटलं, बाईला ऊन लागलं. मग याच्यासोबत बोलत जाई मी. रोज नाही. कामावरून आलं का, थोडंसं."

मला फार वाईट वाटलं. इतकं, की एसीचीही गोष्ट सांगून टाकली, तत्त्वासकट. त्यांनी नुसती मान हलवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घाईघाईनं म्हणालो, "मॅडम, तुम्हाला सगळी नावं पाठ आहेत. लिहून द्या. मी त्याच कारागिराकडून पुन्हा कोरून आणतो, हुबेहूब."

आणि मग त्या चिडल्या. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू.

"म्हणजे डुप्लिकेट? बबननं लिहिलं ते बबननं लिहिलं. आता तुमचा कारागीर बबन होणार काय? पाना खोटा, नाव खोटं, अन् मी त्याच्यासमोर बसून बोलायचं? शोभते काय हे तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो.

त्या थोडा वेळ तो पाना हातात फिरवत राहिल्या. मग तो टेबलाच्या कडेला बसवलेल्या शिकंज्यात घट्ट आवळला, कोरी बाजू वर करून. ड्रॉवरमधून पोलादावर रेघ ओढायची टोकदार सळई काढली आणि माझ्यापुढे धरली. "बिननावाचा पाना कोणाचाच नसते. घ्या. टाका."

"काय टाकू?"

"तुमचं नाव. आणखी कोणाचं?"

माझ्या आईवडिलांनी माझं नाव श्रीकृष्ण ठेवलं, याचा मला त्या दिवशी मनस्वी राग आला. क्रोमवर सळई घसरते. 'श्री' कसाबसा आला. 'कृ'चा पाय भलतीकडे गेला. 'ष्ण'ला अर्धा तास लागला आणि अंगठा सोलवटला. मॅडम बाजूला उभ्या राहून प्रत्येक रेघेला नावं ठेवत होत्या. संपलं असं वाटलं, तर म्हणाल्या, "अन् वैशालीचं? तिनं काय पाप केलं?" मग तेही टाकलं.

त्यांनी भिंग लावून ते दोन्ही नीट वाचलं. "याला ष्ण म्हणतात काय? शाळेत गेले होते ना?" एवढं बोलून पाना पुसला आणि बबनच्या जागी टांगला, नाव भिंतीकडे करून.

मी निघालो. दारात त्यांनी विचारलं, "तुम्ही लोक दिवाळीला चाललात म्हणे इंडियाला?"

"हो."

"किती दिवस?"

"पंचेचाळीस."

"पंचेचाळीस?" मॅडम केवढ्यांदा तरी म्हणाल्या. "काहून एवढे? एवढे दिवस काय करता तिथे? सख्ख्या भाचीच्या लग्नाला मी बाराव्या दिवशी परत आली. मागे इथे कोणी आहे का नाही, काही विचार करता का नाही तुम्ही लोक?"

मी म्हणालो, "अजून तिकिटं काढली नाहीत, मॅडम. बघतो, वीसेक दिवसांची मिळतात का."

तिकिटं महिन्यापूर्वीच काढून झाली होती, आणि ती बदलायची हे वैशालीला कोणत्या तोंडानं सांगायचं, याचा विचार करत मी जिना उतरलो.