तात्यांच्या कानांचं ऑपरेशन

आमच्या शेजारच्या तात्यांनी एका दुपारी फणसाचा चीक लावून आपले दोन्ही कान डोक्याला चिकटवून घेतले. का, तर मुंबईचा डॉक्टर ऑपरेशन करून कान मागे बसवणार होता, आणि नंतर आपण कसे दिसू ते तात्यांना आधीच बघायचं होतं. दिसले बरे, पण संध्याकाळी कान सुटेनात! मी खोबरेल चोळतोय आणि तात्या केकाटतायत, "अरे मेल्या, कान सोडव, उपटू नको!"

तात्या रत्नागिरीच्या कोर्टात कारकून. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ते आणि लग्नाची मुलगी मनू. बापलेकीचे कान अगदी एकसारखे, चांगले सुपाएवढे आणि पुढे आलेले. तात्यांना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. कोणी हसलंच तर "पुरावा काय?" म्हणून तेच दरडावत. भात करपलाय म्हटलं तरी पुरावा काय! अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर हे खूळ.

तयारी तर विचारूच नका. ऑपरेशननंतर उताणं झोपावं लागतं म्हणे, म्हणून दोन्ही बाजूंना असोले, न सोललेले नारळ मांडून झोपत. कूस वळली की नारळ टोचे आणि तात्यांची बोंब आमच्या ओटीपर्यंत येई. मनातून पार घाबरलेले. पायात काटा रुतला तरी आळी डोक्यावर घेणारा हा माणूस, सुरीखाली जाणार कसा?

पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून मृगाआधीच निघाले. मनू आणि मी पोचवायला गेलो. बंदरावर मला राहवेना.

"तात्या, या वयात कोणाला तोंड दाखवायचंय हो?"

तात्यांनी आवाज उतरवला. "मनूला बघायला आले ते कान बघून परत गेले. दोनदा! तिचे कान करून घ्यायचेत. पण दुखतं किती, माणूस धड परत येतो की नाही, हे कळल्याशिवाय पोरीला टेबलावर कशी घालू?"

मनूने ऐकलंच. पुढे येऊन तिने त्यांची ट्रंक धरली.

"तात्या, तुम्ही जायचं नाही. माझ्यासारखं दिसणारं घरात एक तुम्हीच. तुमचेही कान मागे गेले तर मी एकटी पडेन हो."

"चला तात्यानू, बोट थांबायची नाय!" बोटीपर्यंत होडीने पोचवणारा पडाववाला खोळंबला होता.

"जा तू! मला नाही यायचं!" तात्या त्याच्यावरच खेकसले.

पडाव सुटला. तात्या ट्रंकेवर बसले आणि मनूचा हात धरून भर बंदरात रडले. बायको गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.